मालाला धनी हवा

लग्नघरीं आचारी चोख असतो, वाढपी तत्पर असतात, भटजीबुवाहि वेळेवर येतात. तरी पंगत दोन प्रहर उलटल्यावरच बसते. जो तो आपापलें काम करीत असतो. परंतु पंगत वेळेवर बसविणें हें काम कोणाचेंच नसतें. वाढत्या कंपनीची अवस्था पुष्कळदां अशीच होते. कंपनी लहान असतांना मालक स्वतःच गिऱ्हाइकाशीं बोलतो आणि माल कसा असावा तें ठरवितो. व्याप वाढला म्हणजे कारखाना, विक्री, जाहिरात अशीं निरनिराळीं खातीं होतात, आणि माल मात्र पोरका होतो.

अमेरिकेंतील सिनसिनाटी शहरीं प्रॉक्टर अँड गँबल कंपनींत ही उणीव नील मॅकेल्रॉय या तरुण अधिकाऱ्याला जाणवली. त्याच्याकडे ‘कॅमे’ साबणाची जाहिरात होती. पण कंपनीच्याच जुन्या ‘आयव्हरी’ साबणापुढें कॅमे झांकला जाई. १३ मे १९३१ रोजीं त्यानें तीन पानांचें टिपण लिहून मागणी केली कीं, प्रत्येक मालामागें एक जबाबदार माणूस असावा. जेथें खप चांगला, तेथें यश कशामुळें आलें हें त्यानें हुडकावें; जेथें खप कमी, तेथें दुकानदारांकडून व गिऱ्हाइकांकडून दुखणें समजून घेऊन उपाय आखावा आणि परिणामाची जबाबदारी पत्करावी. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचें मूळ बहुधा याच टिपणांत दाखविलें जातें.

या पदाची खरी मेख अशी कीं, जबाबदारी सर्व मालाची. पण हुकमत कोणावरहि नाहीं. इंजिनियर, विक्रेते, हिशेबनीस हे कोणीहि त्याचे ताबेदार नसतात. केवळ मोठी पदवी किंवा फर्डें वक्तृत्व पाहून माणूस नेमला, तर तो एक तर नुसता निरोप्या ठरतो, नाहीं तर सर्वांशीं भांडत बसतो.

म्हणून मुलाखतींत उमेदवाराला यशापेक्षां अपयशाची हकीकत विचारावी. सारा दोष तो इतरांच्या माथीं मारतो कीं स्वतःची चूक सांगतो, हें तेव्हांच कळतें. मग एखादा प्रश्न पुढें ठेवावा: एका जिल्ह्यांत साबणाचा खप घटला, तर काय करावें? जो लगेच जाहिरात वाढवा म्हणतो त्यापेक्षां, त्या जिल्ह्यांत काय बदललें असें विचारणारा बरा. शेवटीं, त्यानें पूर्वीं ज्यांच्याबरोबर काम केलें त्यांना विचारावें कीं, पुन्हां त्याच्याबरोबर काम कराल काय?

अनुभवी माणूसच हवा असेंहि नाहीं. २००२ सालीं गूगल कंपनींत मॅरिसा मायर यांनीं नवपदवीधर घेऊन त्यांना याच कामांत तयार करण्याची योजना सुरू केली. मात्र अशा नवख्यांना शिकविणारें जाणतें माणूस घरांत असावें लागतें.

आणि एक पथ्य मालकानेंहि पाळावयास हवें. माणूस नेमल्यावर प्रत्येक निर्णय स्वतःच घेण्याची संवय त्यानें सोडली नाहीं, तर उत्तम निवडहि वायां जाते. आणि तो गुणी माणूस वर्षभरांत दुसरीकडे चाकरी शोधूं लागतो.