मांजराच्या मिशा

'मिशी' म्हटले की पीळ, ताव, रुबाब असे शब्द आपल्या मनात येतात. मांजराच्या बाबतीत मात्र हा शब्द आपली दिशाभूल करतो. तेथे मिशी ही शोभा नसून स्पर्शाचे इंद्रिय आहे.

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. पैंजणाची कडी गुळगुळीत झाली की नाही, हे तेथील कारागीर बोट फिरवून पाहतो. डोळ्यांना न दिसणारी खरबड बोटाला कळते. मांजराच्या मिशांचे कामही असेच आहे. वरच्या ओठाच्या प्रत्येक बाजूस साधारण १२ केस ४ रांगांत असतात. केसाला स्वतःची संवेदना नसते. परंतु त्याचे मूळ अंगावरील इतर केसांपेक्षा खोल असून भोवती रक्ताने भरलेली पोकळी व मज्जातंतूंचे दाट जाळे असते. हवेच्या झुळुकीने टोक हलले, तरी तो हेलकावा मुळाशी पोहोचतो.

अंधारात फडताळामागे शिरताना फटीची रुंदी मिशाच सांगतात. खरे नवल उंदीर पकडण्याच्या क्षणाचे. मांजराला वीतभर अंतरावरचे नीट दिसत नाही. म्हणून झडप घालताना मिशा पुढे वळतात आणि दातांतील भक्ष्य कसे हालते आहे, हे त्याला कळते.

मुले खेळताना या मिशा कातरतात. 'दुखत तर नाही!' असा युक्तिवादही ऐकू येतो. दुखत नाही, हे खरे. पण नंतर ते मांजर अंतर चुकते, बिचकते. जुनी मिशी आपोआप गळून नवी येते, तसे हे नव्हे. येथे सगळ्याच एकदम जातात आणि पूर्ववत वाढायला कित्येक आठवडे लागतात.