कृपेची टोके : लेखांक ९ – ‘अतिकॅल्विनवादी’ कोणाला म्हणावे?

मर्यादित प्रायश्चित्ताचे, म्हणजे ख्रिस्ताचे मरण निवडलेल्यांपुरतेच होते या मताचे, राहिलेले विवेचन या आठवड्यात पुरे व्हायचे होते. परंतु उदगीरच्या एका वाचकाची पृच्छा त्याच्या आधी सोडवणे सोयीचे ठरेल. १९५६ पर्यंत उदगीर ज्या बिदर जिल्ह्यात होते, तेथे काम मेथडिस्ट मिशनचे. त्या परंपरेला निवडीचा सिद्धांतच टोकाचा वाटतो, तर मग खुद्द कॅल्विनवाद्यांनी आपल्यापैकी काहींना ‘अति’ ठरवले ते कोणत्या मापाने, असे त्या वाचकाने विचारले आहे.

मेथडिस्टांचे माप सरळ आहे. तारण कोणाचे होणार हे देवाने अनादिकाळी ठरवले, एवढे मानणेही जॉन वेस्ली यांनी १७३९ च्या प्रवचनात देवाच्या प्रेमाला बाधक ठरवले होते, त्यामुळे त्या बाजूने पाहता सारेच कॅल्विनवादी एका रांगेत बसतात. आतल्या बाजूने पाहणारे काही जण पतनपूर्ववादाकडे, म्हणजे मनुष्याचे पतन विचारात घेण्याआधीच देवाने काहींची निवड व काहींचा त्याग ठरवला या मताकडे बोट दाखवतात. मात्र हे मत मानणारे धर्मशास्त्रज्ञ गोमारस कॅल्विनवाद्यांच्या डॉर्ट येथील सभेत सन्मानाने बसले होते, आणि सभेचे ठराव दुसऱ्या बाजूला झुकलेले असले तरी त्यांत या मताचा निषेध नाही. तेव्हा हे मत उंच असेल, अतिरेकी नव्हे.

खरी रेषा उमटली ती इंग्लंडात. पापात मेलेल्या मनुष्याला विश्वास ठेवणे शक्य नाही, जे शक्य नाही ते कर्तव्य असू शकत नाही, म्हणून उपदेशकाने शुभवर्तमान सांगावे पण तारण सर्वांना देऊ करू नये, अशा धर्तीची विचारसरणी तेथे रुजली. जोसेफ हसी यांनी १७०७ मध्ये ‘देऊ करण्या’विरुद्ध ग्रंथच लिहिला, आणि लंडनचे बॅप्टिस्ट पंडित जॉन गिल यांनीही ती भाषा नाकारली. या मताला बॅप्टिस्ट पाळक अँड्र्यू फुलर यांनी १७८५ मध्ये उत्तर दिले. त्यांचा आधार अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स यांनी १७५४ मध्ये मांडलेला भेद होता : मनुष्यापाशी बुद्धी व इच्छाशक्ती आहे, म्हणजे नैसर्गिक क्षमता आहे, त्याची असमर्थता नैतिक आहे, म्हणजे तो वळत नाही कारण त्याला वळायचेच नाही, आणि अशी असमर्थता कर्तव्यातून सुटका करत नाही. फुलर यांनी कॅल्विनवाद्यांचे उच्च, मध्यम व कडवे असे तीन वर्ग सांगून स्वतःला कडव्यांत घातले आणि उच्चांना कॅल्विनच्याही पुढे गेलेले म्हटले.

हा वाद मराठी वाचकाला परका नाही. १७९२ मध्ये केटरिंग येथे स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे पहिले चिटणीस फुलर होते, आणि त्याच संस्थेने विल्यम केरी यांना बंगालमध्ये धाडले. केरींनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने रचलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून निघाले. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल हेही एडवर्ड्स यांच्याच परंपरेत घडले होते. ऐकणाऱ्या प्रत्येकावर विश्वासाचे कर्तव्य आहे असे मानल्यावर त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचणे ओघानेच येते.

तरीही व्याख्येचा प्रश्न मिटलेला नाही. अभ्यासक पीटर टून यांनी १९६७ मध्ये अतिकॅल्विनवादात अनादिकाळापासूनचे नीतिमान ठरवले जाणे इत्यादी अनेक मतांची गुंफण दाखवली, तर कर्ट डॅनियल यांनी ‘देऊ करणे’ नाकारण्यालाच निर्णायक लक्षण मानले. या दुसऱ्या मापाने हर्मन हूक्सेमा यांचा प्रॉटेस्टंट रिफॉर्म्ड पंथ ‘अति’ ठरतो, कारण १९२४ च्या कॅलामाझू सभेने मान्य केलेली, तारण देऊ करण्यातली देवाची सर्वांविषयीची सदिच्छा त्याने नाकारली. पण पश्चात्तापाची व विश्वासाची आज्ञा सर्वांना आहे असे तोच पंथ ठासून सांगतो आणि म्हणून ही पदवी झिडकारतो. याउलट इंग्लंडच्या गॉस्पेल स्टँडर्ड बॅप्टिस्टांची नियमावली विश्वास हे सर्वांचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट शब्दांत नाकारते. या दोघांना एकाच नावाखाली ढकलणारे माप सैल आहे. विश्वास हे कर्तव्य आहे की नाही, हा फुलर यांचा प्रश्नच अधिक काटेकोर ठरतो, आणि त्या कसोटीवर हूक्सेमा सुटतात. गिल यांचा निकाल मात्र त्यांच्या लेखनाच्या वाचनावर अवलंबून असल्याने अभ्यासकांत आजही दोन तट आहेत.

मर्यादित प्रायश्चित्त पुढील आठवड्यात. गिल यांनी आणखी जागा मागितली नाही, तर.