पैलवानाचा पवित्रा आणि कामगाराची पाठ

पिंपरी, आकुर्डी, भोसरी किंवा चाकण या बाजूस तुमचे घर असेल, तर पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असलेली पहिल्या पाळीची माणसे तुम्ही रोज पाहत असाल. तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडीलही त्यांत असतील. पाळी संपवून घरी आल्यावर त्यांनी "आज पाठ धरली" असे म्हटलेलेही तुम्ही ऐकले असेल. अशा माणसांसाठी कराटे, ज्युदो, ताय-ची यांची शिबिरे भरवावीत, म्हणजे उभे राहण्याची व वाकण्याची ढब सुधारेल, अशी कल्पना अलीकडे बरीच ऐकू येते. मारामारीची विद्या आणि यंत्रावरचे काम यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो संबंध शोधायला आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील तरफेचा धडा तेवढा उघडा.

युद्धकलेत पहिला धडा असतो पवित्र्याचा. कोल्हापूरच्या मर्दानी खेळातील लाठी फिरवणारा खेळाडू पाहा. दोन्ही पायांत अंतर, गुडघे किंचित वाकलेले, कंबर थोडी खाली. कराटे खेळणाऱ्याचा पवित्राही बराचसा असाच असतो. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा जोवर दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते, तोवर माणूस पडत नाही. पाय फाकवले की ती जागा वाढते आणि कंबर खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो. दोन्हींमुळे तोल पक्का होतो. जपानमध्ये १८८२ साली ज्युदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानो यांनी याच नियमाची दुसरी बाजू शिकवली : प्रतिस्पर्ध्याला फेकण्याआधी त्याची ही रेषा पावलांच्या बाहेर काढा, मग थोडे बळही पुरते.

एक प्रयोग करून पाहा. टाचा व पाठ भिंतीला लावून उभे राहा आणि समोर पडलेला रुमाल गुडघे न वाकवता उचलण्याचा प्रयत्न करा. तुम्ही पुढे तोल जाऊन पडू लागाल. (मित्राला शेजारी उभे करा, नाक फोडून घेऊ नका!) एरवी वाकताना आपण नकळत कंबर मागे नेत असतो, भिंत ते करू देत नाही.

आता उचलण्याकडे वळू. मावळ, मुळशी, खेड या तालुक्यांत जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही पाहिल्या असतील. धोबीपछाड मारणारा पैलवान हात लांब करून प्रतिस्पर्ध्याला उचलू पाहत नाही. तो आधी त्याला अंगाशी ओढतो, वळून आपली कंबर त्याच्या खाली घालतो आणि मगच त्याला पाठीवरून फेकतो. आपल्याएवढ्याच वजनाचा माणूस हाताच्या अंतरावरून उचलणे त्याला जमले नसते. असे का? थोडे गणित करू.

पाठीचा कणा ही बागेतील सी-सॉसारखी तरफ समजा. कमरेतील मणक्यांमधली चकती हा टेकू. पुढच्या बाजूला धड, डोके, हात व उचललेली वस्तू यांचा भार. मागच्या बाजूला त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू. अडचण अशी की हे स्नायू टेकूपासून अवघ्या ५ सेंटीमीटरवर ओढतात. समजा, एक कामगार पुढे वाकून २० किलोग्रॅमचे खोके उचलतो आहे. त्याच्या वरच्या शरीराचे वजन ४०० न्यूटन व त्याचे टेकूपासूनचे आडवे अंतर २५ सेंटीमीटर धरू. खोक्याचे वजन सुमारे २०० न्यूटन व अंतर ५० सेंटीमीटर. बल गुणिले अंतर, म्हणजे आघूर्ण, प्रत्येकी १०० न्यूटन-मीटर; एकूण २००. हे तोलण्यासाठी स्नायूंना २०० भागिले ०.०५, म्हणजे ४००० न्यूटन बल लावावे लागते. चारशे किलोग्रॅमचे वजन! खोके वीस किलोचे आणि पाठीला मोजावे लागले चारशे.

आता तोच कामगार धड ताठ ठेवून खोके अंगाशी धरतो. धडाचे अंतर १० आणि खोक्याचे ३० सेंटीमीटर झाले, तर आघूर्ण ४० अधिक ६०, म्हणजे १०० होते आणि स्नायूंचे बल २००० न्यूटनवर येते. खोके तेच, माणूस तोच, ओझे निम्मे.

ही नुसती कागदावरची आकडेमोड नाही. स्वीडनमधील अल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कण्यातील चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला होता. पुढे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवला. त्या मोजणीचे आकडे १९९९ साली प्रसिद्ध झाले. सहज उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल. २० किलोग्रॅम पाठ वाकवून उचलताना २.३, मोटारीच्या टायरमधील हवेच्या सुमारे दहा पट! गुडघे वाकवून उचलताना तो १.७ झाला. उभे राहून तेच वजन अंगाशी धरले तेव्हा १.१, आणि छातीपासून ६० सेंटीमीटर दूर धरले तेव्हा १.८. एकाच माणसावरची मोजणी असल्याने आकडे घासून घेऊ नयेत, पण क्रम नीट पाहा. "गुडघे वाकवून उचला" हा उपदेश सगळीकडे ऐकू येतो. तो अर्धा आहे. गुडघे वाकवूनही खोके दूरच राहिले, तर फायदा थोडाच. पैलवानाची खरी युक्ती अंगाशी ओढण्याची आहे.

मग शिबिरांचा उपयोग होतो का? एका दुपारच्या व्याख्यानाचा फारसा नाही. वजन उचलण्याची पद्धत नुसती शिकवून पाठदुखी टळते, असे आजवरच्या चाचण्यांत दिसलेले नाही. २०१६ साली अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. नुसत्या माहितीने किंवा कमरेला पट्टा बांधून फरक पडत नाही, नियमित व्यायामाने मात्र पाठदुखीचा धोका कमी होतो, असे त्यांत आढळले. तालमीत हे पूर्वीपासून ठाऊक आहे. पवित्रा ऐकून येत नाही, तो रोज घ्यावा लागतो. तेव्हा कुठे तो स्नायूंच्या अंगवळणी पडतो. कराटे असो, ताय-ची असो की आपल्या जोर-बैठका, माझ्या मते कोणता प्रकार निवडला यापेक्षा तो आठवड्यातून किती दिवस केला, हे अधिक महत्त्वाचे. शिवाय आठ तास एकाच ढबीत उभे राहणाऱ्याला, ती ढब कितीही ताठ असली तरी, अधूनमधून हलण्याची गरज असतेच. सतत आखडून राहिलेल्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडतो व तो दुखू लागतो.

पण एक गोष्ट कराटेचा कोणताही गुरू करू शकत नाही. सुट्या भागांची पेटी जमिनीवर आणि कामगार व पेटी यांच्यामध्ये यंत्राची चौकट असेल, तर पेटी अंगाशी येणारच नाही. तेथे बदलायची आहे ती पेटीची जागा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ साली वजन उचलण्यासाठी जे सूत्र सुधारून दिले, त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही कमाल मर्यादा २३ किलोग्रॅम धरली आहे. वस्तूचे आडवे अंतर २५ सेंटीमीटरपेक्षा वाढले की २५ ला त्या अंतराने भागून ही मर्यादा कमी करायची. हे अंतर घोट्यांच्या मध्यापासून हातांपर्यंत मोजतात. ५० सेंटीमीटरला ती साडेअकरा किलोवर येते. पेटी कमरेच्या उंचीच्या घोडीवर ठेवून मधली चौकट बाजूला केली आणि अंतर पुन्हा २५ वर आणले, की तोच कामगार, कोणतेही शिबिर न करता, सूत्रानुसार दुप्पट वजन उचलू शकतो.

घरी टेप असेल तर मोजून पाहा : पाण्याने भरलेली बादली उचलताना तुमच्या घोट्यांपासून तिची कडी किती सेंटीमीटरवर असते? आणि बादली पायांच्या मध्ये घेतली तर?