सरकारी दवाखान्याचे पैसे कोण भरतो?

लॉजच्या खोलीसाठी तिघांनी मिळून 30 रुपये दिले. मालकाने 5 परत पाठवले, पोऱ्याने त्यातले 2 स्वतःच्या खिशात घातले आणि तिघांना एकेक रुपया दिला. म्हणजे प्रत्येकी 9 प्रमाणे 27 आणि पोऱ्याकडचे 2, एकूण 29. मग एक रुपया गेला कुठे? तो कुठेच गेलेला नाही. मालकाचे 25 आणि पोऱ्याचे 2 त्या 27 मध्येच आहेत, तेव्हा 27 मध्ये पुन्हा 2 मिळवण्याला अर्थ नाही. हे कोडे चुटकीसरशी सोडवणारी माणसेसुद्धा सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की ठणकावून सांगतात, ‘दोन टक्के लोक कर भरतात, बाकीचे फुकट उपचार घेतात.’ हे वारंवार ऐकून वैताग येतो, कारण जे एकत्र मांडायचेच नाही ते इथेही एकत्र मांडलेले असते.

दोन टक्के हा साधारण आकडा फक्त आयकर भरणाऱ्यांचा आहे, आणि तो काढताना लोकसंख्येत तान्ही बाळेही धरलेली असतात. एका कराचे भरणारे मोजायचे आणि सगळ्या तिजोरीचा खर्च त्यांच्या नावावर टाकायचा, हा हिशेब नव्हे. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पाप्रमाणे तिजोरीत येणाऱ्या दर रुपयात आयकराचे 22 पैसे आहेत. कर्जाचे 24, जीएसटी व इतर करांचे 18, कंपनी कराचे 17. त्यातही रुग्णालये आणि दवाखाने हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय, आणि सरकारी आरोग्यखर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा राज्येच उचलतात. राज्ये नोकरदारांच्या पगारावर आयकर लावत नाहीत. त्यांचे स्वतःचे कर-उत्पन्न येते ते मुख्यतः राज्य जीएसटी, पेट्रोल-डिझेल आणि दारूवरचे कर, मुद्रांक शुल्क यांतून. धुणीभांडी करणाऱ्या बाईने 299 रुपयांचे मोबाइल रिचार्ज केले, तर 18 टक्के दराने त्यातले सुमारे 46 रुपये कर म्हणून जातात, निम्मे केंद्राला आणि निम्मे राज्याला. तिला करदाती न म्हणणे सरळसरळ खोटे आहे.

यावर म्हणतात, केंद्राच्या विभाज्य करांतला 41 टक्के वाटा राज्यांना मिळतो, त्यात आयकरही असतोच. बरोबर आहे. सुट्या धान्यावर आणि ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हेही खरे. जास्त कमावणारा माणूस रुपयांत जास्त कर भरतो आणि त्याने भरावाच. पण ‘जास्त भरतो’ आणि ‘एकटाच भरतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय ज्याला फुकट म्हणतात ते किती फुकट आहे, तेही बघावे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. हे प्रमाण 2013-14 मध्ये 64.2 टक्के होते. सुधारणा मोठी आहे, तरी ओझे अजून जड आहे.

‘सरकार आरोग्यावर पैसा उधळते’ असेही ऐकू येते. त्याच लेख्यांत सरकारी खर्च जीडीपीच्या 1.84 टक्के दिसतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत 2.5 टक्के गाठायचे ठरवले होते. ‘आयुष्मान कार्ड असले की सगळे भागते’ हेही चूक: कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी नाही. आणि महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत. महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयात येत नाहीत.