गोळी स्वस्त, चाचणी महाग

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कापूसवेचणीच्या दिवसांत थंडी पडू लागली की दवाखान्यांत सर्दी-खोकल्याच्या रोग्यांची रांग वाढते. यांतील बहुतेकांचा विकार विषाणुजन्य असतो आणि तो काही दिवसांत आपोआप बरा होतो. प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे, हे डॉक्टर जाणतो. तरीही चिठ्ठीवर प्रतिजैविक उतरते. याचे कारण अज्ञानापेक्षा हिशेबात शोधले पाहिजे.

मजुराचा रोज बुडत असतो. डॉक्टरला एखादा न्यूमोनिया नजरेतून निसटण्याची धास्ती असते. शिवाय साधी गोळी चाचणीपेक्षा स्वस्त पडते. म्हणजे दिलासा व्यक्तीला आणि तोटा समाजाला, असा हा व्यवहार आहे. जंतू औषधाला निर्ढावतील, हा इशारा पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. 2019 साली अशा जंतूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे दगावली, असा अंदाज 2022 मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला.

केंद्र सरकारने 2014 पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक केले. तथापि नोंदवही विक्रीवर नजर ठेवते. चिठ्ठी लिहिणाऱ्याची शंका फेडत नाही. तेथे चाचणीचा उपयोग आहे. नाकातील स्राव पट्टीवर तपासून अर्ध्या तासात निदान करण्याची पद्धत करोनाच्या साथीत 2020 साली सर्वांच्या परिचयाची झाली. इन्फ्लुएन्झासाठीही अशा चाचण्या आहेत.

अर्थात चाचणी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. विषाणू सापडला म्हणून सोबत जीवाणू नाहीतच, असे सिद्ध होत नाही. आपत्कालीन विभागांत आलेल्या तापाच्या मुलांवरील प्रयोगांचा 2014 साली आढावा घेण्यात आला. तीत जलद चाचणीमुळे छातीचे एक्स-रे कमी झाले. प्रतिजैविकांत मात्र निश्चित घट आढळली नाही. नुसती पट्टी पुरत नाही. तिच्या निष्कर्षावर डॉक्टरचा विश्वास आणि रोग्याला समजावण्यास सवड हवी, हाच याचा अर्थ.

लाभ सर्वांचा असेल तर खर्चही सार्वजनिक तिजोरीनेच सोसला पाहिजे. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी एका हिवाळ्यापुरता काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग करावा: चाचणी विनामूल्य, प्रत्येक चिठ्ठीची नोंद, आणि धाप न लागलेल्या रोग्यास तीन दिवसांनी पुन्हा बोलावणे. गोळी वाचली की नाही, याचा हिशेब मग आकड्यांतच मांडता येईल.