गाडी बोलते, कान द्या

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "मोटरसायकल चालवते मी, पण गिअर कधी बदलायचा तेच उमगत नाही. मालक म्हणतात, सवयीनं येतं." सवयीनं येतं हे खरं. पण सवय कशाची करायची, ते कुणी सांगत नाही. ते आज बोलू या.

आधी माझी फजिती सांगते. शिकत होते तेव्हा दुधाची किटली मागं बांधून डेअरीवर निघाले. चढ आला, मी चौथ्या गिअरमध्येच राहिले. गाडीनं दोन गचके दिले, बंद पडली आणि मागं सरायला लागली. कशीबशी ब्रेक दाबून उभी राहिले, पण निम्मं दूध रस्त्यावर सांडलं होतं. चूक गाडीची नव्हती. ती सांगत होती, मी ऐकलं नव्हतं.

गिअर म्हणजे काय? पाण्यानं भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तुम्ही चढ चढता, तेव्हा पावलं कशी टाकता? छोटी छोटी. सपाटीला लागलात की लांब टाकता. पहिला गिअर म्हणजे गाडीची छोटी पावलं: ताकद जास्त, वेग कमी. चौथा म्हणजे लांब पावलं: वेग जास्त, पण ओढायची ताकद कमी. चढावर लांब पाऊल टाकलं की आपल्याला जशी धाप लागते, तशी गाडीलाही लागते.

आता कान द्या. इंजिनाचा आवाज चढत चालला, हँडल थरथरायला लागलं, रेस वाढवूनही वेग फारसा वाढत नाही, म्हणजे गाडी म्हणते, "वरचा गिअर टाक." उलट आवाज जड झाला, धडधड होतेय, गचके बसताहेत, रेस दिली तरी गाडी उचलत नाही, म्हणजे ती म्हणते, "खालचा टाक."

नव्या बाईला अंदाज हवा म्हणून आकडे सांगते. चार गिअरच्या १०० सीसी गाडीला सपाट रस्त्यावर साधारण १० ते १५ च्या वेगाला दुसरा, २५ च्या आसपास तिसरा आणि ४० च्या जवळ चौथा. पण मागं माणूस किंवा पोतं असेल तर हे आकडे बदलतात. म्हणून भरवसा कानावर ठेवा.

बदलायची रीत अशी: रेस सोडा, डाव्या हातानं क्लच पूर्ण दाबा, डाव्या पायानं गिअर टाका, मग क्लच हळूहळू सोडत रेस द्या. एका वेळी एकच गिअर. काही गाड्यांत सगळे गिअर पुढं दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. आपल्या गाडीचं आधी बघून घ्या. बदलताना नजर रस्त्यावर, पायाकडं नाही. आणि चालताना क्लच अर्धवट दाबून ठेवू नका, क्लच प्लेटा जळतात.

चढ दिसला की त्याच्या पायथ्यालाच गिअर उतरवा. गाडी दमल्यावर मधेच धडपड करू नका.

उतारावरची गोष्ट मात्र जिवाची आहे. पेट्रोल वाचवायला बरेच जण गाडी न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून सोडतात. असं कधीच करू नका. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये ती मोकाट सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि सतत दाबून तापलेला ब्रेक ऐन वेळी लागत नाही. साधा नियम: ज्या गिअरमध्ये तो उतार चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. खालचा गिअर टाकताना आधी ब्रेकनं वेग कमी करा. जोरात असताना एकदम खालचा गिअर पडला तर मागचं चाक घसरतं.

सराव मोकळ्या मैदानात करा, आधी एकटीनं. हेल्मेट घाला, साडीचा पदर कमरेला नीट खोचा, चाकात जाता कामा नये. गिअरच्या गाडीच्या परवान्याला वय १८ पूर्ण लागतं. आधी शिकाऊ परवाना काढा, त्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते.

रात्री पोराला ताप भरला आणि घरात दुसरं कुणी नसलं, तर दारातली गाडी आपल्याला काढता आली पाहिजे. म्हणून शिकायचं. त्या ताईंना सांगते, उद्या मैदानात दहा फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीत फक्त आवाज ऐका. पुढच्या बैठकीला गाडीवरच या.