सोमवारी अजिंठा बंद, हे चिनीत कसे सांगायचे?

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरच्या गाईडला, टॅक्सीवाल्याला आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराला हे पाठ असते. चीन किंवा तैवानहून आलेल्या पाहुण्याला मात्र ते वेळेत कळले नाही, तर अजिंठ्यापर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा हेलपाटा ठरलेला. त्याला सांगायला दोनच शब्द पुरतात: ‘शिंगछी यी’ म्हणजे सोमवार, ‘शिंगछी अर’ म्हणजे मंगळवार. यी म्हणजे एक, अर म्हणजे दोन. शनिवारपर्यंत असेच मोजत जायचे. रविवार तेवढा आकड्यात बसत नाही. तो ‘शिंगछी थ्येन’.

महिन्यांचेही तेच. ‘युए’ म्हणजे महिना, त्याच्या आधी आकडा ठेवला की झाले. जानेवारी ‘यी युए’, फेब्रुवारी ‘अर युए’, डिसेंबर ‘श-अर युए’, म्हणजे बारावा. तारखेपुढे बोलताना ‘हाव’ लावतात. क्रम मात्र आपल्या उलट: आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. वर्षाचा एकेक आकडा सुटा उच्चारायचा, फोन नंबर सांगावा तसा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्ये वारले. ही तारीख चिनीत ‘यी च्योउ स अर न्येन, श-अर युए, च्योउ हाव’ अशी होते. 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून तिकडे गेलेल्या कोटणिसांनी स्वतः ही भाषा शिकून घेतली होती.

घड्याळाची भाषा मराठी माणसाला आणखी सोपी वाटावी. साडेतीन म्हणजे ‘सान त्येन पान’, तीन आणि अर्धा. सव्वातीन ‘सान त्येन यी ख’. यातला ‘ख’ म्हणजे पाव तास. पावणेचार म्हणायचे तर ‘छा यी ख स त्येन’, चारला पाव कमी. दीड आणि अडीच यांच्यासाठी वेगळे शब्द नाहीत, तिथेही ‘पान’च. दोन वाजल्याचे सांगताना मात्र ‘अर’ चालत नाही, ‘ल्यांग त्येन’ म्हणावे लागते.

काल ‘त्सुओथ्येन’, आज ‘चिनथ्येन’, उद्या ‘मिंगथ्येन’. आपला ‘परवा’ मागचा की पुढचा हे संदर्भावरून ओळखावे लागते. चिनीत मागचा परवा ‘छ्येनथ्येन’ आणि पुढचा ‘होउथ्येन’. रोमन लिपीतून शिकणारे इथे हमखास फसतात. त्या लिपीत ‘ड’ आणि ‘ट’ यांची अक्षरे दिसतात, पण चिनीतला खरा भेद ‘त’ आणि ‘थ’ यांच्यासारखा, म्हणजे अल्पप्राण-महाप्राणाचा आहे. मराठी कानाला तो लगेच कळतो. त्यामुळे सुरुवातीची टिपणे देवनागरीत काढावीत. सूर मात्र लिपीतून येत नाहीत, ते ऐकूनच बसवावे लागतात. चार म्हणजे उतरत्या सुरातला ‘स’ आणि दहा म्हणजे चढत्या सुरातला ‘श’. यात गल्लत झाली, तर दहाला बोलावलेला पाहुणा चारला उगवेल!

हाच अभ्यास उलट्या दिशेने एका चिनी माणसाने चौदाशे वर्षांपूर्वी केला होता. सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगाने आपल्या प्रवासवर्णनात चैत्र, वैशाख, ज्येष्ठ ही नावे चिनी उच्चारांत उतरवली आणि चिनी पंचांगातल्या कोणत्या तारखांना ती पडतात तेही नोंदवले. भारतात कृष्ण पक्ष आधी आणि शुक्ल पक्ष नंतर येतो, असे तो लिहितो. उत्तरेत आजही तसेच आहे. महाराष्ट्राचा महिना मात्र शुक्ल पक्षाने सुरू होतो. त्याच्या ग्रंथात दारी दगडी हत्ती असलेल्या एका विहाराचे वर्णन आहे. तो विहार म्हणजे अजिंठाच, असे अभ्यासक मानतात. पुढे 759 मध्ये बौद्ध आचार्य अमोघवज्रांनी भारतीय ज्योतिषाचा ग्रंथ चिनीत नेला, त्यातून ग्रहांचे सात वारही तिकडे पोहोचले. जपानने ती ग्रहनावे अजून ठेवली आहेत, चीनने आकडे पसंत केले.

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत चीनहून यंत्रे, सुटे भाग मागवणाऱ्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी: ‘श युए यी हाव’, 1 ऑक्टोबर. हा त्यांचा राष्ट्रीय दिन असून तेव्हा कित्येक दिवस कामे थांबतात. एवढ्या मोठ्या देशात घड्याळ एकच आहे आणि ते आपल्यापुढे अडीच तास चालते. तिथे संध्याकाळी सहाला कचेरी सुटते तेव्हा इथे साडेतीन वाजलेले असतात. फोन त्याआधी करावा.